दाखला हा उपकार नव्हे, हक्क

शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू झाले, की उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्यांसाठी रांगा लागतात. खिडकीवर ‘साहेब नाहीत, उद्या या’ एवढंच ऐकून रोजंदारीवरचा माणूस परत फिरतो, तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते.

हे टाळण्यासाठी महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. अधिसूचित केलेली प्रत्येक सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, ही जबाबदारी पदनिर्देशित, म्हणजे त्या सेवेसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची. अर्ज नाकारायचा असेल, तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदत टळली किंवा अर्ज नामंजूर झाला, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. त्यानंतर दुसरं अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. पुरेसं कारण नसताना दिरंगाई केल्याचं सिद्ध झालं, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

वेळेत आणि चिरीमिरीशिवाय काम करणं हीच लोकसेवकाची खरी नीतिमत्ता. आपणही जागरूक राहू या. अर्ज दिल्यावर पोचपावती जरूर घ्या, तिच्यावरची तारीख तपासा, आणि मुदत उलटली तर अपील करायला कचरू नका.