गुण आधी की थैली आधी?

(सातारा-सांगली परिसरातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मोटारींच्या शर्यतीवर साताऱ्यात कशाला बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण 'गुण आधी की पैसा आधी' हा प्रश्न तिथं अगदी उघडा दिसतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गाडी, इंजिन, टायर, मेकॅनिक, प्रवास असा शर्यतीच्या संघाचा खर्च प्रचंड असतो. श्रीमंत संघ चालकाला पगार देतात. लहान संघ मात्र विचारतात, 'तुमच्यामागं प्रायोजक कोण?' दोन चालकांत थोडाच फरक असेल, तर पुष्कळदा थैली आणणाऱ्याला जागा मिळते. संघालाही वर्ष काढायचं असतं.

2019 साली फक्त स्त्रियांसाठी 'डब्ल्यू सिरीज' सुरू झाली. प्रवेशाला पैसे नव्हते. चाचणी घेऊन चालक निवडल्या. जेमी चॅडविक तिन्ही हंगामांत विजेती ठरली. पण 2022 साली मालिकेचे पैसे संपले, हंगाम मध्येच थांबला. तीनदा जिंकूनही फॉर्म्युला वनमध्ये शर्यतीची जागा जेमीला मिळाली नाही.

आता सांगलीकडे पाहू. इथं वाढलेल्या स्मृती मानधनानं 2013 साली 19 वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात गुजरातविरुद्ध नाबाद 224 धावा केल्या. 2023 साली महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात बंगळूरच्या संघानं तिच्यासाठी 3 कोटी 40 लाख मोजले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. इथं पैसा उलट वाहतो, संघाकडून खेळाडूकडे. पण तो येतो गुण दिसल्यावर. गुण दिसेपर्यंतचा खर्च कोण करतं?

त्याचं उत्तर साताऱ्यात आहे. आदिती स्वामी ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला, वयाच्या 17व्या वर्षी, तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिचे वडील शिक्षक. तिच्या साहित्यासाठी त्यांनी कर्ज काढलं होतं. म्हणजे मुलीचा पहिला प्रायोजक घर, आणि पहिली निवड समितीही घरच. मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढणारी घरं गावोगाव आहेत. धनुष्यासाठी काढणारी किती?

आणि ज्या घराला कर्जही मिळत नाही, तिथल्या मुलीची चाचणीच होत नाही. ती हरली असं कुणी म्हणत नाही, कारण ती मैदानावर आलेलीच नसते.

म्हणून आपली मागणी साधी असावी: आधी चाचणी, मग पैशाची गोष्ट. यात्रेतल्या कुस्त्यांना, बैलगाडा शर्यतींना आपल्याकडे देणगीदार मिळतात. मुलींच्या साहित्यासाठी त्यांच्याच दारात यंदा आपण सगळ्या मिळून जाऊ.