वारसा आणि त्यावरील बोजा

(श्रीसंस्थानच्या महाजन सभेत केलेले भाषण)



अलीकडच्या काळात आपल्यातून निघून गेलेल्या थोर व्यक्तींचे स्मरण करावे, अशी समितीची आज्ञा झाली. श्रीहनुमंताच्या या जागृत स्थानी ती सेवा माझ्या वाट्यास यावी, हे मी माझे भाग्य समजतो. नावे पुष्कळ आहेत आणि वेळ थोडा आहे. म्हणून मी तिघांचाच उल्लेख करणार आहे : लता मंगेशकर, सिंधुताई सपकाळ आणि डॉ. जयंत नारळीकर.

माझे आयुष्य कारकुनीत गेले. फौतीची नोंद करताना मृताच्या जमिनीवर वारसांची नावे चढत, आणि त्या जमिनीवर कर्जाचा बोजा असल्यास तोही तसाच पुढे चाले. जमीन माझी, परंतु बोजा माझा नव्हे, असे म्हणण्याची सोय कोणत्याही वारसास नव्हती. थोरांच्या वारशाचेही असेच आहे. तसबीर लावून, हार घालून आपण त्यांच्या नावावर हक्क सांगतो; पण त्यांनी मागे ठेवलेल्या कामाचा बोजा कोणी उचलावयाचा, हा प्रश्न सभा संपली की विसरला जातो.

ही माणसे आपली कशी, असेही कोणी विचारील. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपले सौंसर व पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. कागदावरील सीमा अशा बदलत गेल्या, परंतु घरातील भाषा बदलली नाही. त्या भाषेत ज्यांनी मोठे काम केले, ती माणसे आपल्या घरचीच होत.

लतादीदी तर या राज्याच्याच लेक. २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूर येथे त्यांचा जन्म झाला. १९४२ साली वडील मास्टर दीनानाथ निवर्तले, तेव्हा बारा वर्षांच्या या थोरल्या मुलीने चार भावंडांचा संसार आपल्या गळ्यावर पेलला. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या गेल्या. त्यांच्या स्वराविषयी मी काय बोलावे? मला आठवण द्यावीशी वाटते ती त्यांच्या मानीपणाची. चित्रपटगीतासाठी संगीतकाराला पारितोषिक मिळे, गायकाला मिळत नसे. म्हणून त्यांनी फिल्मफेअरच्या समारंभात गाण्यास नकार दिला. पुढे १९५९ साली पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिले त्यांनाच मिळाले. गीतांच्या मानधनातील गायकाच्या हिश्श्यासाठीही त्या भांडल्या. आपल्या उत्सवात कीर्तनकार येतात, पखवाजी आणि टाळकरी येतात. त्यांची बिदागी वेळेवर आणि सन्मानाने त्यांच्या हाती पडावी, हा त्या वारशातील बोजा आहे.

सिंधुताई आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील. १४ नोव्हेंबर १९४८ रोजी पिंप्री मेघे येथे एका गुराख्याच्या घरी त्या जन्मल्या. शिक्षण चौथीपर्यंत, विवाह बालवयात. गरोदर असता घरातून बाहेर काढल्या गेल्या आणि गोठ्यात बाळंत झाल्या. रेल्वेगाडीत गाणी म्हणून त्यांनी पोट भरले. स्मशानाचा आसरा घेतला. त्याच अवस्थेत त्यांनी इतर निराधार लेकरांना जवळ केले. आपल्या पोटच्या मुलीकडून पक्षपात घडू नये म्हणून तिला त्यांनी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टच्या स्वाधीन केले. महाजनहो, एका देवस्थानाने त्या मुलीचा भार घेतला, हे आपण ध्यानात ठेवावे. सासवड, हडपसर, वर्धा आणि याच सातपुड्यातील चिखलदरा येथे माईंच्या संस्था उभ्या राहिल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ४ जानेवारी २०२२ रोजी त्या निवर्तल्या. देवळाच्या पायरीवर टाकलेली बाई किंवा चुकलेले पोर दिसले, तर प्रसादाचा द्रोण देऊन आपले कर्तव्य संपते काय?

आता डॉ. नारळीकर. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्म; काशी आणि केंब्रिज येथे शिक्षण; गुरू फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत; सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण. परदेशातील मान सोडून ते १९७२ साली स्वदेशी परतले, आणि १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था त्यांनी उभी केली. विज्ञानकथा त्यांनी आपल्या मराठीत लिहिल्या. पहिली कथा १९७४ साली स्पर्धेस पाठविताना नाव बदलून पाठविली, की परीक्षकांनी कथा पाहावी, लेखकाचे नाव पाहू नये! २० मे २०२५ रोजी ते निवर्तले.

त्यांचा बोजा आपल्याला सर्वांत जड जाणार आहे. पुण्यात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची परीक्षा घेतली. हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या पत्रिका ज्योतिष्यांपुढे ठेवल्या. ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडविले असते तरी निम्मी आली असती. त्यांनी कोणाची थट्टा केली नाही. पडताळून पाहा, एवढेच सांगितले.

आपल्या श्रींच्या दारी मनाच्या व्याधीने पीडित माणसांना त्यांचे आप्त दुरून घेऊन येतात. त्यांची श्रद्धा मला वंद्य आहे. मीही येथे माथा टेकतो. परंतु संजीवनी आणावयास निघालेल्या मारुतीला सुषेण वैद्यानेच पाठविले होते, हे आपण कसे विसरावे? येथे येणाऱ्या रुग्णाला तीर्थ द्यावे, आणि त्याचबरोबर मनोविकारतज्ज्ञाचा पत्ताही द्यावा. चालू असलेले औषध बंद करू नका, असे बजावून सांगावे. शक्य असेल तर आठवड्यातून एक दिवस वैद्यकीय तपासणीची सोय करावी. याने देवाचे महत्त्व कमी होत नाही. एखाद्या घरचा कर्ता मात्र वाचतो.

या तिघांच्या तसबिरी सभागृहात लावण्याचा विचार आहे, असे ऐकतो. अवश्य लावाव्यात. मात्र प्रत्येक तसबिरीखाली, तिच्या नावे संस्थानाने कोणते काम अंगावर घेतले, त्याची एक ओळ असावी. आणि दरवर्षीच्या सभेत जमाखर्चाबरोबर त्या ओळीचाही हिशेब वाचला जावा, ही माझी नम्र सूचना.

ती आपण विचारात घ्यावी, अशी प्रार्थना करून आणि दिवंगतांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.