कार्बनच्या कागदावर अंगठा लावण्याआधी



गावागावात आता कार्बन क्रेडिटचा कागद फिरतोय. तो काय आहे, आधी समजून घेऊ. झाड हवेतला कार्बन ओढून लाकडात, मुळात, मातीत साठवतं. असा एक टन कार्बन डायऑक्साइड साठला की एक क्रेडिट. ते विकत घेऊन कंपनी सांगते, आमचा तेवढा धूर फिटला. धूर तिचा चालूच, राखण मात्र आपली.

पैसा येतो तर वाईट काय, असं कोणी म्हणेल. पण झाड जळलं-तुटलं की कार्बन परत हवेत. म्हणून करार लांब मुदतीचे, वीस-तीस वर्षांचेही असतात. तोवर सरपण, चराई, बांबू बंद केले तर?

2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(4) सांगतं, हा हक्क वारसाने जातो, विकता येत नाही. कलम 5 ने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळवला, 2011 पासून बांबू ग्रामसभेनेच विकला.

म्हणून एकट्या सरपंचाच्या सहीवर काही होऊ देऊ नका. करार मराठीत मागा, ग्रामसभेत मोठ्याने वाचा. किती वर्षं? कशाला बंदी? आपला वाटा किती? मोडायचा कसा? उत्तर मिळेपर्यंत अंगठा नाही.

जोहार!