मुक्कामी टेम्पोची दुसरी बॅटरी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



भाजीपाला घेऊन आपण संध्याकाळी निघतो आणि रात्र बाजार आवारात गाडीतच काढतो. पंखा, दिवे, मोबाईल, सारे गाडीच्या बॅटरीवर. माझ्या चुलत भावाची गाडी अशीच एका पहाटे सुरू झाली नाही. धक्का मारून ओट्यापर्यंत नेली, तोवर सौदे उरकले होते. मग त्याने दुसरी बॅटरी घेतली व पहिलीला सरळ जोडली. पुढच्या मुक्कामी दोन्ही उतरल्या!

दोन बॅटऱ्या इंजिन चालू असतानाच एक व्हाव्यात व बंद होताच वेगळ्या. त्यासाठी मध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले बसवावा. साधारण १३.३ व्होल्टला तो जोडतो, १२.८ च्या आसपास तोडतो. दिवे-पंखा फक्त दुसऱ्या बॅटरीवर घ्यावेत. काही नव्या गाड्यांत आल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज कमी करतो. तेथे रिलेऐवजी डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. गाडी घेतली तेथे आधी विचारा.

आता वायर. येथेच बहुतेक जण पैसे वाचवतात. जाऊन-येऊन ८ मीटर अंतर व २० अँपिअर प्रवाह धरा. २.५ चौ. मि.मी. तांब्याच्या वायरीत सुमारे १.१ व्होल्ट वाटेतच जातात. आल्टरनेटरने दिलेले १४.२ व्होल्ट बॅटरीपाशी १३.१ उरतात आणि ती कधीच पूर्ण भरत नाही. १६ चौ. मि.मी. घेतल्यास घट ०.२ व्होल्टच्याही आत राहते.

या वायरीला दोन्ही बाजूंनी वीज मिळते, म्हणून दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकाजवळ एकेक फ्यूज हवा. एकच बसवला आणि वायर पत्र्याला घासली, तर दुसऱ्या बाजूने आग लागू शकते. काम सुरू करताना ऋण टोक आधी सोडावे.

३५ वॅटचा भार दहा तास म्हणजे सुमारे ३० अँपिअर-तास. बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणून ७५ ते ८० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी घ्यावी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. झोपण्याच्या जागेत ती ठेवू नका.

शेवटी इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्या मल्टिमीटरने मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी टोके घासून, आवळून पाहा. नव्या बॅटरीची घाई नको.