वकिलाची हयगय आणि अशिलाचें गाऱ्हाणें
(गांवच्या वाचनालयांत दिलेलें व्याख्यान)



गेल्या महिन्यांत आपणांपैकीं दोघे-तिघे संध्याकाळीं शाळेच्या ओट्यावर येऊन बसले व म्हणाले, “गुरुजी, वकील फोन उचलत नाहीं, तारीख सांगत नाहीं. दाद कोठें मागायची?” आम्ही कायदेपंडित नव्हे. ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडून मराठी शाळेवर पोरांना बाराखडी शिकविणारे साधे मास्तर. पण हा प्रश्न आमच्या घरांत आधींच येऊन गेला आहे, म्हणून बोलण्याचें धाडस करतों.

आमच्या थोरल्या चुलत्यांचा तीस गुंठ्यांचा दावा तालुक्याच्या कोर्टांत होता. वकीलसाहेब म्हणत, “तात्या, तुम्ही कशाला हेलपाटा घालतां? कांदा काढायचा तो काढा, मी पाहतों.” तात्यांना बरें वाटे. दर दिवाळीला शेंगांचें पोतें साहेबांच्या घरीं पोंचतें होई. दोन वर्षांनीं समोरच्यानें त्या तुकड्यांत ट्रॅक्टर घातला तेव्हां कळलें कीं, दावा केव्हांच गैरहजेरींत निघून गेला! घरांत दोन मास्तर, रोज वर्तमानपत्र वाचणारे. पण दाव्याचा नंबर काय हें एकालाहि ठाऊक नव्हतें. त्या दिवसाची लाज आम्हांला अजून वाटते.

१८७५ सालीं सुप्याला शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें व हुकूमनामे जाळले. ते हुकूमनामे पुष्कळदां एकतर्फी असत; कुळ कोर्टांत जातच नसे. आज कुळ वकील देतें, फी भरतें, आणि तरीहि काम एकतर्फीच होतें, हें जास्त झोंबतें.

दावा असा निघाला तर तो पुन्हां चालू करण्याचा अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो. आपल्यावर एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करण्याचीहि मुदत तीच. समन्स रीतसर बजावलें नसेल तर ती हुकूमनामा कळल्यापासून धरतात. मुदत टळली तर उशीर कां झाला तें पटवून माफी मागावी लागते. सुप्रीम कोर्टानें १९८१ सालीं रफीक विरुद्ध मुन्शीलाल या खटल्यांत म्हटलें कीं, वकिलावर भरंवसा टाकून निश्चिंत राहिलेल्या पक्षकाराला वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा होऊं नये. पण यावर विसंबून झोपूं नका. पुढें कोर्टांनीं हेंहि बजावलें आहे कीं, अशिलानें स्वतः जागें राहिलें पाहिजे.

तात्यांचा अर्ज करावयास दुसरे वकील तयार झाले. भला माणूस. पण कागद पहिल्याकडे! ते म्हणाले, “राहिलेली फी ठेवा आणि कागद न्या.” आम्हीं सोसायटीचें कर्ज काढून ती ठेवली. मागाहून समजलें कीं, २००० सालींच आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टानें ठरविलें आहे : फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडकवून ठेवतां येत नाहींत. फीसाठीं त्यानें वेगळी दाद मागावी. हें एक वाक्य आम्हांला आधीं ठाऊक असतें तर व्याज वांचलें असतें.

आतां दादीविषयीं. १९६१ सालच्या वकील कायद्याच्या कलम ३५ प्रमाणें राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करतां येते. आपली कौन्सिल महाराष्ट्र व गोव्याची, मुंबईस आहे. तक्रार लेखी व सहीनिशीं करावी; वकीलपत्राची नक्कल, फीच्या पावत्या, कोर्टाचा हुकूम जोडावा. तक्रारींत तथ्य दिसल्यास ती शिस्त समितीकडे जाते. समिती वकिलाचें म्हणणें ऐकून तक्रार काढून टाकते, ताकीद देते, कांहीं मुदतीपर्यंत वकिली बंद ठेवते किंवा पटावरून नांवच कमी करते.

या समितींत तिघे असतात, आणि तिघेहि वकीलच. वकिलाचा न्याय वकिलानें करावा हें पाहून आपल्या मनांत शंका येते, आमच्याहि येते. म्हणून पुढची वाट पाठ ठेवा. एका वर्षांत निकाल झाला नाहीं तर प्रकरण दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातें. निकाल पटला नाहीं तर ६० दिवसांत तिकडे अपील, आणि तेथूनहि ६० दिवसांत सुप्रीम कोर्टाकडे. ग्राहक कोर्टाची वाट मात्र १४ मे २०२४ च्या निकालानें बंद झाली.

एक गोष्ट स्पष्ट सांगतों, नाहींतर उद्यां आम्हांलाच बोल लावाल. दावा हरला म्हणजे वकिलानें गैरवर्तन केलें असें नव्हे. साधी चूक वा चुकीचा सल्ला एवढ्यावर शिक्षा होत नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें १९६३ सालींच सांगितलें. पैसे घेऊन तारखांना न जाणें, निकाल लागला तरी अशिलापासून लपविणें, असली घोर हयगय दाखवावी लागते. ती पुराव्यानें दाखवावी लागते, आणि आपण तर फी देतांना पावती मागायलाहि संकोचतों! कोऱ्या कागदावर सह्या देतों. शेंगांच्या पोत्याची पावती कोण देणार?

ज्यांना वकील परवडत नाहीं त्यांनीं तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रियांना व अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांना मिळकतीची अट न घालतां सरकारी खर्चानें वकील मिळतो. १५१०० या नंबरावर फोन केला तरी माहिती मिळते.

प्रत्येक दाव्याला सोळा आंकडी-अक्षरी सीएनआर नंबर असतो. तो घातला कीं मोबाईलवर पुढची तारीख व मागचें कामकाज दिसतें. येत्या रविवारीं सकाळीं आठ वाजतां ज्यांचे दावे चालू आहेत त्यांनीं आपापले कागद घेऊन शाळेंत यावें. सातवीचीं मुलें तारखा काढून देतील, आम्ही वहींत उतरून ठेवूं. तात्यांचा अर्ज अजून चालू आहे. त्यांचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.