आधी भाषा, मग यंत्रणा

आज बक्षीस मिळवणाऱ्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन!

खडवली-वासिंदकडची मुलं भेटली की हमखास विचारतात, “सर, मोबाइल ॲप बनवायला कोटलिन शिकायचंय. त्याआधी जावा पूर्ण यायला हवी का?” माझं उत्तर ठाम आहे. नाही. आजच सुरुवात करा.

कोटलिन ही जेटब्रेन्स कंपनीची भाषा. २०११ मध्ये ती जगासमोर आली आणि २०१७ मध्ये गूगलनं अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत स्थान दिलं. १९९५ साली आलेल्या जावा या भाषेच्या यंत्रणेवर चालावी, म्हणूनच ती मुळात घडवली गेली. ही यंत्रणा अफाट आहे. ती आधी तळापर्यंत समजून घ्यायची ठरवली, तर पहिला प्रोग्राम लिहायच्या आतच उमेद संपेल. भातसा नदीत पोहायला शिकणारा मुलगा धरणाचा अभ्यास करून पाण्यात उतरत नाही. तो काठाशी उतरतो. मात्र कुठे खोल आहे, हे जाणत्या माणसाला विचारून घेतो.

कोटलिनमधली अशी एक खोल जागा सांगतो. एखाद्या व्हेरिएबलच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह नसेल, तर त्यात ‘नल’ म्हणजे रिकामी किंमत ठेवू द्यायला कंपायलर नकार देतो. आपण निर्धास्त होतो. पण जावात लिहिलेल्या लायब्ररीतून आलेली किंमत रिकामी आहे की नाही, हे पुष्कळदा त्याला कळू शकत नाही. तो ती येऊ देतो आणि ॲप चालता चालता बंद पडतं. स्क्रीनवर ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ आणि त्याखाली अनोळखी ओळींची रांग! अशा वेळी घाबरून खिडकी बंद करू नका. ‘कॉज्ड बाय’ ही अक्षरं शोधा, तुमच्या फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक शोधा. तिथे जावा जेवढी अडली, तेवढी त्याच दिवशी शिकून घ्या.

खालच्या यंत्रणेकडे कायमची पाठ मात्र फिरवता येत नाही. १९७४ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं सॉफ्टवेअर निर्यातीचं आपलं पहिलं काम केलं. एका रुग्णालयाची माहितीप्रणाली बरोज कंपनीच्या मध्यम संगणकांवरून तिच्याच लहान संगणकांवर न्यायची होती. भाषा दोन्हीकडे कोबॉलच. तरीही यंत्र बदललं म्हणून प्रोग्राम बदलावे लागले. आणि हे काम आपल्या माणसांनी केलं ते आयसीएल १९०३ या तिसऱ्याच संगणकावर! सगळं जुळून येण्याची वाट पाहत ते थांबले नाहीत.

तुम्हीही थांबू नका. घरी लॅपटॉप नसेल, तर कोटलिन प्लेग्राउंड हे संकेतस्थळ मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडा. खडवली स्थानकावरून सुटणाऱ्या लोकलच्या वेळा दाखवणारा छोटासा प्रोग्राम लिहा. एक वही ठेवा. आलेली प्रत्येक चूक, तिचं कारण आणि त्यातून यंत्रणेबद्दल कळलेली गोष्ट तिच्यात तारखेसह लिहा. ही वही वर्गातल्या मित्रालाही वाचायला द्या, कारण तुम्हाला अडलेलं उद्या त्याला अडणार आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे, की पुढच्या वर्षी अशा वह्यांनाही एक बक्षीस ठेवा.