पिल्लाची वाटी, पिल्लाची तारीख

कवीला रेडिओवर बोलावले की त्याने कवितेवर बोलावे अशी अपेक्षा असते. आज मी साडेचार किलो वजनाच्या एका कुत्रीवर बोलणार आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाने पशुवैद्यकात शिरावे हा आगाऊपणा वाटेल. पण जे सांगणार आहे ते डॉक्टरांना विचारून वहीत टिपून ठेवलेले आहे, आणि त्यातले निम्मे मी एक कुत्री गमावून शिकलो आहे.

२००९ साली धाकट्या मुलाने हट्ट करून एक पांढरे शुभ्र पिल्लू घरी आणले. सोलापुरात तेव्हा गल्लोगल्ली ‘पॉमेरेनियन’ दिसत. पुढे कळले की आपण ज्याला पॉमेरेनियन म्हणतो ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असते. खरा पॉमेरेनियन तीन-साडेतीन किलोंच्या पुढे सहसा जात नाही. आम्ही तिचे नाव ठेवले राणी.

आमचे घर मुसलमानाचे. कुत्रे घरात घ्यायचे म्हटल्यावर चर्चा झालीच. अम्मी गेल्यापासून तिची बहीण, माझी खाला, आमच्याकडे असते. जिथे जानमाज अंथरतो त्या खोलीचा उंबरा दाखवून ती म्हणाली, “इसके अंदर नै आना.” बस, करार झाला. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून बुटात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीसमधली गोष्ट खालानेच आम्हाला लहानपणी सांगितली होती. त्यामुळे ओसरीवर राणीला जागा मिळायला अडचण आली नाही.

राणीचे आम्ही लाड केले. सकाळी चहात बुडवलेले बिस्कीट, दुपारी दूध-चपाती, रात्री रश्शात कुस्करलेली भाकरी. कोणी किती दिले याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. ती सहा महिन्यांची झाली तेव्हा लस टोचायला नेली होती. डॉक्टर म्हणाले, “पिल्ले नको असतील तर आता ऑपरेशन करून टाका.” मी “पाहू” म्हणालो. बायकोचे म्हणणे, एकदा तरी तिला आई होऊ द्या. हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते की एक वेत झाल्याशिवाय कुत्री निरोगी राहत नाही. याला वैद्यकात काही आधार नाही, हे मला फार उशिरा कळले. राणीला जोडीदार मिळाला नाही, वेत झाले नाही, आणि माझे ‘पाहू’ आठ वर्षे चालले.

२०१७ च्या मार्चमध्ये ती माजावर येऊन गेली. मे महिन्यात ती खूप पाणी पिऊ लागली, खाईनाशी झाली. सोलापूरचा उन्हाळा, अंगावर एवढे केस, आम्ही म्हटले ऊन बाधले. ओला टॉवेल टाकला, ताक पाजले. तिसऱ्या दिवशी पोट फुगलेले दिसले तेव्हा धावलो. गर्भाशय पुवाने भरले होते. शस्त्रक्रिया झाली, पण विष अंगभर पसरले होते. त्या रात्री राणी गेली. डॉक्टरांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. आठ वर्षांपूर्वी त्यांनी जे सांगायचे ते सांगून झाले होते.

या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. कुत्री माजावर येऊन गेली की पुढचे सुमारे दोन महिने तिच्या शरीरात गर्भधारणेला पोषक संप्रेरक वाढलेले असते, मग तिला नर भेटलेला असो वा नसो. गर्भाशयाचे अस्तर दर खेपेस जाड होत जाते आणि त्यात जंतू शिरले की पू धरतो. कधी तो बाहेर येतो, कधी तोंड बंद असल्याने बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून माजानंतर एक-दोन महिन्यांत कुत्री जास्त पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर थांबू नये. हा आजार क्वचित होतो असेही नाही. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा उतरवतात. तिथल्या नोंदींवरून दिसते की शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ दर चौघींतल्या एकीला दहा वर्षांची होईपर्यंत हा आजार गाठतो.

त्यानंतर सहा वर्षे आम्ही कुत्रे पाळले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बायको एका स्नेह्यांच्या कुत्रीच्या पिल्लांतली एक मादी घेऊन आली. ही जुई. नऊ आठवड्यांची होती. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकताही येत नाही. तरी महिन्याभराची पिल्ले विकणारे भेटतात. त्यांच्याकडून घेऊ नका. जुईला किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले तर भरली एक किलो शंभर ग्रॅम.

आल्यानंतर तिसऱ्याच दिवशी घात होता होता राहिला. नव्या घरात तिने रात्रीचे खाल्ले नाही. आम्ही म्हटले, भूक लागली की खाईल. पहाटे फजरच्या नमाजला उठलो तर पिल्लू लटपटत होते, कान थंडगार, मान धरवत नव्हती. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “घरात मध आहे? बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल. आणि लगेच घेऊन या.” मध चोळला, शालीत गुंडाळले आणि रिक्षाने निघालो. वाटेतच तिने डोळे नीट उघडले.

रक्तातली साखर उतरली होती. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या अंगात थोडाफार साठा असतो. लहान जातीच्या पिल्लाचे यकृत इवलेसे, चरबी नाही, आणि वाढीसाठी लागणारी ताकद मात्र भरपूर. वजनाच्या मानाने त्याला मोठ्या कुत्र्याच्या जवळपास दुप्पट अन्न लागते, आणि पोटात एका वेळी मावते थोडेच. म्हणून लहान पिल्लाला थोडे थोडे आणि वेळेवर द्यायचे. त्या दिवशी मी वही केली.

सकाळी सहा, अकरा, दुपारी चार आणि रात्री नऊ, अशा चार वेळा. चार महिन्यांची होईपर्यंत हे चालले. मग सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा. आरंभी तिला आधीच्या घरचेच खाद्य दिले आणि आठवडाभरात हळूहळू नवे मिसळत नेले. एकदम बदलले की पोट बिघडते. लहान जातीच्या पिल्लांसाठी बारीक दाण्यांचे तयार खाद्य मिळते. ते कोमट पाण्यात भिजवून द्यायचो. लहान जातीची वाढ दहा-बारा महिन्यांत पूर्ण होते, तोवर पिल्लांचेच खाद्य आणि मग मोठ्यांचे.

तुम्ही म्हणाल, घरचे अन्न का नाही? देता येते, पण नुसत्या दूध-चपातीवर पिल्लू वाढत नाही. त्यात प्रथिने कमी पडतात, आणि दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. घरचेच द्यायचे असेल तर उकडलेले बिनहाडाचे चिकन, अंडे, भात, भोपळा हे चालते. पण त्यातले कॅल्शियम आणि इतर क्षार यांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते. उलट, तयार संतुलित खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियमचे टॉनिक स्वतःच्या मनाने पाजू नये. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट ही कुत्र्याला विषासारखी आहेत. आमच्या रश्शात कांदा-लसणाशिवाय काय असते? म्हणजे राणीला आठ वर्षे आम्ही काय खाऊ घालत होतो, ते पाहा. शिजवलेले हाडूकही नको, त्याच्या कपच्या निघून आतडे फाटते.

खाला ऐकायला तयार नव्हती. “कायकू इसकू भूका मारते, बाबा?” असे म्हणून ती पदराआडून बिस्कीट द्यायची. मग मी तिला हिशेब करून दाखवला. साडेचार किलोच्या मोठ्या कुत्रीला दिवसभरात तीनशे ते साडेतीनशे कॅलरी लागतात. वरचा खाऊ याच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. एका मारी बिस्किटात पंचवीसच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे एका बिस्किटात दिवसभराचा खाऊ बहुतेक संपला. आपल्याला जे एक बिस्कीट ते तिला ताटभर. खाला गप्प बसली. दुसऱ्या दिवसापासून तिने एका बिस्किटाचे चार तुकडे करायला सुरुवात केली.

आता दुसरा प्रश्न, ऑपरेशन कधी? राणीनंतर ‘करायचे की नाही’ हा प्रश्न माझ्यापुरता उरला नव्हता. पण घरात तो उरला होता. बायको म्हणाली, “मुक्या जनावराची कूस काढायचा आपल्याला काय हक्क?” हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येईना. मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. ते म्हणाले, हनफी फिकहमध्ये जनावराच्या खच्चीकरणाला, त्यात फायदा असेल तर, मुभा आहे. पण उगाच छळ करायचा नाही. इतरांची मते वेगळी आहेत हेही त्यांनी सांगितले. मला सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या यात्रेतला जनावरांचा बाजार आठवला. तिथे उभा असलेला प्रत्येक बैल कोणीतरी खच्ची केलेलाच असतो. त्याच्याकडून आपण काम घेतो म्हणून तो हक्क आपल्याला खटकत नाही. इथे तर तिच्याच जिवासाठी करायचे होते. तरीही बायकोच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हते. मी फक्त राणीचा तिसरा दिवस आठवून दिला.

वेळेबद्दल डॉक्टरांनी समजावले ते असे. लहान जातीची मादी बहुधा सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येते. त्याआधी, पाच-सहा महिन्यांच्या सुमारास शस्त्रक्रिया करावी, असे लहान कुत्र्यांबाबत सांगितले जाते. १९६९ च्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले होते की पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेल्या माद्यांत स्तनाच्या गाठींचा धोका, न केलेल्यांच्या तुलनेत, अर्धा टक्काच उरतो. एका माजानंतर आठ टक्के आणि दोन माजांनंतर सव्वीस टक्के. २०१२ साली हे सगळे पुरावे पुन्हा तपासले गेले आणि ते वाटतात तेवढे भक्कम नाहीत असा निष्कर्ष निघाला. म्हणून या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नये. पण गर्भाशयच काढले की पायोमेट्राची भीती जवळजवळ संपते, हे नक्की.

लवकर केले तर हाडे-सांधे बिघडतात, असेही कानावर येते. मोठ्या जातींत ते काही अंशी खरे आहे. २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी पस्तीस जातींच्या नोंदी तपासल्या. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या कुत्र्यांत लवकर शस्त्रक्रियेनंतर सांध्यांचे विकार वाढलेले दिसले, लहान जातींत तसे आढळले नाही. म्हणजे शेजारच्या लॅब्रेडॉरला दिलेला सल्ला आपल्या स्पिट्झला लागू करू नये. नर असेल तरी साधारण सहा महिन्यांनंतर करता येते. मात्र दोन्ही अंडकोष खाली उतरलेत ना, ते तपासून घ्यावे. एखादा पोटात राहिला असेल तर त्यात पुढे गाठ होण्याचा धोका जास्त असतो. मादी माजावर आली असेल तर त्या वेळी न करता दोन-तीन महिने थांबतात.

जून २०२४, जुई सव्वासात महिन्यांची. लसी आणि जंताचे औषध पूर्ण, रक्ततपासणी झालेली. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवले. वरचे दोन दुधाचे सुळे पडलेच नव्हते, शेजारून नवे सुळे आलेले. लहान जातींत असे बरेचदा होते. तेही त्याच भुलीत काढून टाकले. एवढ्या लहान जिवाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे नसते. किती तास ठेवायचे ते डॉक्टरांनी नेमके सांगितले होते. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बायको तस्बीह ओढत बसली होती. संध्याकाळी जुईला घरी आणले. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची शंकूसारखी कॉलर, दहा दिवस उड्या बंद. तेराव्या दिवशी टाके निघाले.

एक गोष्ट मात्र घरोघरी विसरली जाते. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि शरीराची गरज पाव हिश्श्याने कमी होते. मग कुत्री फुगते आणि दोष ऑपरेशनला जातो. जुईची वाटी त्याच महिन्यात कमी केली. बरगड्या दिसू नयेत, पण बोटांना लागल्या पाहिजेत. वरून पाहिले तर कंबर दिसली पाहिजे. आजही दर पहिल्या तारखेला तिला काट्यावर ठेवतो.

राणीवर आमचे प्रेम कमी नव्हते. खायला घालताना आम्ही हात आखडला नाही आणि निर्णय घेताना तारीख ठरवली नाही. तुमच्या घरी पिल्लू असेल तर उद्या त्याचे वजन करा, त्याच्या खाण्याच्या वेळा लिहून काढा आणि ऑपरेशनबद्दल डॉक्टरांना या महिन्यातच विचारून कॅलेंडरवर खूण करा. ‘पाहू’ म्हणू नका. मी आठ वर्षे म्हणत होतो.